तडकलेली काच आणि विम्याचा करार

मोटारीची पुढची काच ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती शाबूत असते तोवर तिचे अस्तित्व कोणाच्या ध्यानीमनीही नसते. कारण तिच्याकडे कोणी पाहत नाही, सारे जण तिच्यातून पाहतात. तिला तडा गेला, की मात्र चालकाची नजर रस्त्यावर ठरेनाशी होते. मग मालकाला प्रथम आठवण होते ती विम्याची आणि दुसरी आठवण होते ती ही, की विम्याचा कागद आपण कधीच वाचलेला नाही.

नागपूरच्या प्रतापनगरासारख्या वस्तीत हा प्रश्न आता नवलाचा राहिलेला नाही. एका बाजूला खामला, दुसऱ्या बाजूला त्रिमूर्तीनगर आणि गोपाळनगर अशा शेजारात वाढलेली ही वसाहत. येथे शिक्षक, कारकून, बँकांतले कर्मचारी आणि सेवानिवृत्त मंडळी यांची घरे पुष्कळ. एके काळी अंगणात सायकल आणि फार तर स्कूटर असे. आता त्याच अंगणात मोटार उभी असते, आणि एखाद्या फाटकाआड बसक्या बांध्याची, दोन दारांची स्पोर्ट्स कार दिसली तरी पूर्वीसारखी मुलांची गर्दी जमत नाही. साधी मोटार आणि स्पोर्ट्स कार यांच्या किमतींत जमीनअस्मानाचे अंतर असेल. परंतु रस्त्यावरचा खडा तो भेद जाणत नाही. जाणते ती विम्याची पॉलिसी, आणि तीही अनेकांना वाटते त्याच्या उलट रीतीने.

या वस्तीपासून हिंगण्याच्या दिशेला शिवमडका येथे समृद्धी महामार्गाचा आरंभ होतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या या रस्त्याचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यही होते. परंतु वेगाबरोबर एक साधा भौतिक नियमही येतो. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात जो खडा काचेवर नुसता टिचकी मारून जाईल, तोच खडा १२० च्या वेगात चौपट शक्तीने आदळतो. पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकातून उडालेली हरभऱ्याएवढी खडी स्पोर्ट्स कारच्या काचेवर चांदणीसारखी खूण उमटवते आणि तेथून पुढची कथा सुरू होते.

काच तडकते ती कशी?

पूर्वी मोटारीची काच फुटली, की तिचे धारदार तुकडे आत बसलेल्यांच्या तोंडावर येत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तस याच्या हातून १९०३ मध्ये प्रयोगशाळेतील एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण विखुरले नाही. आत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा पातळ थर वाळून काचेला चिकटलेला होता. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा थर घालून बनविलेल्या काचेचे पेटंट घेतले. आजची पुढची काच त्याच वंशातील आहे. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, अशी तिची रचना असते. बाजूच्या काचा बहुधा वेगळ्या प्रकारच्या, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेल्या असतात. त्या फुटल्या तर त्यांचे बोथट दाणे होतात. पुढची काच मात्र फुटूनही जागेवरच राहते.

काच दाब सहन करते, ताण सहन करीत नाही. खड्याने पडलेली लहानशी खोक ही अशा ताणाला वाट करून देणारी फट ठरते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नित्याचे आहे. भर दुपारी उन्हात उभी असलेली मोटार सुरू करून मालक वातानुकूलन यंत्राचा थंड झोत काचेवर सोडतो. आतला पृष्ठभाग आकुंचन पावू लागतो, बाहेरचा तापलेलाच असतो, आणि सकाळी मोहरीएवढी दिसणारी खूण संध्याकाळपर्यंत हातभर लांबीची रेषा होते. म्हणूनच खोक लहान असतानाच तिच्यात पारदर्शक राळ भरून ती बुजविणे हा शहाणपणाचा मार्ग होय. तडा काचेच्या कडेपर्यंत पोहोचला, किंवा चालकाच्या नजरेच्या रेषेत आला, तर काच बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ही काच वारा अडविण्यापुरती नाही. आजच्या मोटारीत ती चौकटीला विशिष्ट डिंकाने चिकटविलेली असते आणि मोटार उलटली तर छताला आधार देते. पुढच्या आसनावरील प्रवाशासमोरची हवेची पिशवी फुगताना पुष्कळ मोटारींत याच काचेचा टेकू घेते. काच कमी प्रतीची असेल, किंवा डिंक पुरता वाळण्याआधीच मोटार रस्त्यावर आणली असेल, तर ऐन प्रसंगी ती चौकटीतून निखळू शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०० व्या नियमाने मोटारीच्या काचा सुरक्षित प्रकारच्या असाव्यात आणि पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा, असे बंधन घातले आहे ते उगीच नव्हे. सदोष आणि धोकादायक अवस्थेतील वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखाली गुन्हाही आहे.

स्पोर्ट्स कारची काच इतकी महाग का?

साध्या मोटारीची काच देशात लाखांच्या संख्येने तयार होते; ती काही हजार रुपयांत मिळते आणि अर्ध्या दिवसात बसते. स्पोर्ट्स कारची गोष्ट निराळी. तिची काच वारा कापण्यासाठी अतिशय तिरपी, त्यामुळे लांब-रुंद, आणि दोन दिशांनी वळवलेली असते. ती मोजक्या संख्येने बनते आणि बहुधा परदेशातून येते. तिच्यावर सीमाशुल्क लागते आणि वाहतुकीचा खर्च चढतो. तिच्या आत पावसाची चाहूल घेणारे संवेदक आणि पुढचा रस्ता न्याहाळणारा कॅमेरा बसविलेला असतो. काच बदलली, की कॅमेऱ्याची नजर पुन्हा यंत्राने जुळवून घ्यावी लागते, नाहीतर आपोआप लागणारा ब्रेक भलत्याच वेळी लागण्याचा धोका असतो. काही मोटारींत वेगाचे आकडे काचेवरच उमटतात. त्यासाठी मधला पडदा पाचरीसारखा उतरत्या जाडीचा करावा लागतो. अशा काचेची किंमत साध्या मोटारीच्या काचेच्या अनेक पटींनी जास्त असते.

परदेशी स्पोर्ट्स कार आणि सीमाशुल्क यांचे नाते मराठी वाचकांना ठाऊक आहे. सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा २००२ मध्ये फियाट कंपनीतर्फे त्याला फेरारी मोटार भेट देण्यात आली. तिच्यावरील एक कोटीहून अधिक रुपयांचे सीमाशुल्क माफ करावे की नाही, यावरून देशभर वाद माजला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते शुल्क कंपनीने भरले. मोटार-विम्याच्या दरपत्रकात सीमाशुल्क न भरता आयात झालेल्या मोटारीसाठी जादा हप्त्याचे स्वतंत्र कलम असते, हे त्या वादात फारसे कोणी लक्षात घेतले नाही. त्यामागचा तर्क सरळ होता. मोटार शुल्काविना आली तरी तिची तडकलेली काच बदलायची वेळ येईल तेव्हा नवी काच शुल्क भरूनच आणावी लागणार.

देशी प्रयत्नही झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या छताची मोटार तयार होऊ लागली. तिचे अंग फायबर ग्लासचे होते. ती आता बनत नाही. ज्या मोटारीचे उत्पादन थांबले, तिच्या काचेचा शोध घेताना मालकाला काय यातायात पडते, याची कल्पना कोणालाही करता येईल. नागपूरकर मालकाची अडचण आणखी एक असते. अशा बहुतेक मोटारींची अधिकृत दुरुस्तीकेंद्रे मुंबई-पुण्याकडे असतात. खाजगी मोटार अपघातस्थळाहून जवळच्या दुरुस्तीकेंद्राकडे ओढून नेण्यासाठी प्रमाणित पॉलिसी देते १५०० रुपये. त्यात मुंबई येणार नाही, फार तर नागपूरची हद्द येईल. बाकीचा खर्च मालकाने आधीच वेगळा हप्ता भरून घेतलेल्या जादा संरक्षणातून निघाला तर निघाला.

विम्याची भाषा

आपल्याकडे मोटार-विम्याचा इतिहास पाहिला तर त्याचा कणा त्रयस्थाचे संरक्षण हा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा केला आणि १९८८ च्या कायद्याने ती सक्ती कायम ठेवली. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे व्यवहार चार कंपन्यांत विलीन झाले. मुंबईत १९१९ साली दोराबजी टाटांनी स्थापिलेली न्यू इंडिया ही त्या चारांपैकी एक. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली. २००२ च्या मोटार दरपत्रकातील स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे दर २००७ मध्ये मोकळे झाले. परंतु पॉलिसीची मूळ शब्दरचना बहुतांशी तीच राहिली, आणि काचेचे रहस्य त्या शब्दरचनेत आहे.

पुष्कळांची समजूत असते की, काच, रबर, प्लॅस्टिक या नाशवंत वस्तूंची भरपाई विमा कंपनी अर्धीच देते. हे अर्धसत्य आहे. मोटारीचा भाग बदलताना कंपनी घसारा कापते. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर ५० टक्के. फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के. धातूच्या भागांवर मोटारीच्या वयानुसार, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. परंतु काचेच्या भागांवर घसारा शून्य. मोटार आठ वर्षांची असली तरी तिच्या काचेची पूर्ण किंमत देय ठरते. गोव्याच्या त्या मोटारीचे अंग फुटले असते तर ३० टक्के रक्कम कापली गेली असती. तिची काच फुटली असती तर एक पैसाही कापला गेला नसता.

अर्थात काही वजाबाकी राहतेच. प्रत्येक दाव्यात अनिवार्य वजावट असते. १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खाजगी मोटारीला १००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २००० रुपये. काचेच्या कडेची रबरी पट्टी काचेत मोडत नाही; तिच्यावर निम्मा घसारा लागतो. डिंक, खिळे, स्क्रू यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंचा खर्च बहुधा मालकाच्या माथी येतो, त्यासाठी वेगळे संरक्षण घेतले नसेल तर. तरीही मूळ तत्त्व उदार आहे, हे मान्य केले पाहिजे.

दाव्याची रीतही वाटते तितकी अवघड नाही. काच तडकल्याचे दिसताच तिची छायाचित्रे काढावीत, कंपनीला तत्काळ कळवावे, आणि पाहणी होईपर्यंत काच काढू नये. कंपनीच्या यादीतील दुरुस्तीकेंद्र असेल तर बिल परस्पर चुकते होते. मालकाने वजावटीपुरती रक्कम भरायची. मोठ्या रकमेच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअर पाहणी करतो. विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२४ च्या परिपत्रकात सर्व्हेअरची नेमणूक, त्याचा अहवाल आणि दाव्याचा निर्णय यांसाठी मुदती आखून दिल्या असून, केवळ कागदपत्रांच्या अभावी दावा फेटाळला जाऊ नये असेही बजावले आहे. कंपनीचे उत्तर पटले नाही तर विमा लोकपाल आहे आणि २०१९ च्या कायद्याखालील ग्राहक आयोगही आहे. लोकपालाकडे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.

बोनसचे गणित

इतके सारे अनुकूल असताना रस्त्यावर तडकलेल्या काचेच्या इतक्या मोटारी का दिसतात? उत्तर ‘नो क्लेम बोनस’ या तीन शब्दांत आहे. एक वर्ष दावा केला नाही तर पुढील वर्षी स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पुढे ती २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्क्यांपर्यंत चढते. एक दावा केला, की शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर यावे लागते. दावा लाखाचा असो की पाच हजारांचा, घसरगुंडी सारखीच.

प्रतापनगरातील एखाद्या शिक्षकाचे उदाहरण कल्पनेने घेऊ. समजा, त्याच्या लहान मोटारीचा या भागाचा पूर्ण हप्ता ८००० रुपये आहे आणि सूट ५० टक्के, म्हणजे तो ४००० रुपये भरतो. काचेचा खर्च ६००० रुपये आला. त्याने दावा केला. १००० रुपयांची वजावट जाऊन ५००० रुपये मिळाले. पुढील वर्षी सूट शून्य, म्हणजे ४००० रुपये जादा. त्यापुढील वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे २४०० जादा. मग २०००, मग १२००, मग ४००. बेरीज १०,००० रुपये. मोटारीचे मूल्य उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा काहीसा कमी भरेल. परंतु ५००० रुपये घेऊन त्याहून अधिक परत देण्याचा हा व्यवहार आहे, यात शंका नाही.

आता स्पोर्ट्स कार. समजा तिच्या या भागाचा पूर्ण हप्ता दोन लाख रुपये आहे, सूट तीच ५० टक्के, आणि काच, कॅमेऱ्याची जुळणी व मजुरी मिळून खर्च तीन लाख रुपये. दावा केल्यास २,९८,००० रुपये मिळतात आणि पाच वर्षांत सुटीपोटी २,५०,००० रुपये जातात. तरीही ४८,००० रुपये पदरी राहतात. शिवाय असा मालक बहुधा जादा हप्ता भरून आपला बोनस आधीच सुरक्षित करून ठेवतो. सूत्र इतकेच, की ५० टक्के सुटीवर असलेल्या विमेदाराने दावा केल्यास त्याचा सुमारे सव्वा वर्षाचा पूर्ण हप्ता जातो. काचेची भरपाई त्याहून अधिक असेल तर दावा करावा. कमी असेल तर पदरचे पैसे घालावे.

यातून निघणारा निष्कर्ष मात्र अस्वस्थ करणारा आहे. घसारा न कापण्याची जी उदारता पॉलिसी काचेच्या बाबतीत दाखविते, ती प्रत्यक्षात महागड्या काचेच्या मालकाच्या उपयोगी पडते. छोट्या मोटारीच्या मालकाला तीच उदारता कागदावर दिसते, पण हाती घेता येत नाही. स्पोर्ट्स कारचा मालक हप्ताही मोठा भरतो, तेव्हा तो कोणाचे लुबाडतो असे नव्हे. दोष त्याचा नाही. दोष योजनेचा आहे. लहान मालक पुढच्या महिन्याच्या पगाराकडे डोळे लावतो आणि तोवर तडकलेल्या काचेतून पाहत मुलांना शाळेत सोडतो. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्या तड्यावर फुटतो, आणि रस्ता ओलांडणारा वृद्ध त्याला एक क्षण उशिरा दिसतो. त्या एका क्षणाची भरपाई विम्याच्या कोणत्याही कलमात बसत नाही.

करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो

स्पोर्ट्स कार म्हटली, की सामान्य माणसाच्या मनात आज रोष दाटून येतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती, हे नंतर उघड झाले. असा रोष समजण्याजोगा आहे. विम्याचा करारही अशा बेफिकिरीला पाठीशी घालत नाही. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर रस्त्यावर आणलेल्या मोटारीच्या अपघाताची भरपाई देण्यास कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंह प्रकरणात दिला. मोटारचोरीच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये तोच दंडक पुन्हा लावला. चालकाकडे परवाना नसेल, किंवा तो मद्याच्या अमलाखाली असेल, तर त्याच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा उभा राहत नाही. लाखोंची काच आणि काही हजारांची काच या दोन्हींना हा नियम सारखाच लागू आहे.

मात्र सचोटीची कसोटी श्रीमंतांपुरती नसते. पॉलिसीत बाह्य कारणाने झालेला अपघात, गारपीट, वादळ, दंगल, आग यांमुळे झालेले नुकसान समाविष्ट असते. झीज आणि बिघाड वगळलेले असतात. विदर्भाला गारपिटीचा अनुभव नवा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतीचा जो विध्वंस झाला तो लोक विसरलेले नाहीत. गारेने किंवा खड्याने काच फुटली तर तसे निःशंकपणे सांगावे. परंतु जुना तडा असताना पॉलिसीची मुदत चुकवायची, नंतर नवी पॉलिसी घेऊन ‘काल खडा लागला’ असे लिहून द्यायचे, ही युक्ती अनेकांच्या अंगलट येते. मुदत चुकल्यावर कंपनी मोटारीची पाहणी करते, छायाचित्रे ठेवते आणि जुना तडा दाव्यातून वगळते. शिवाय ९० दिवस उलटले, की साचलेला बोनसही जातो. विम्याचा करार हा परस्परांवरील पूर्ण विश्वासाचा करार मानला जातो. विमेदार खोटे बोलला तर त्याची किंमत त्याच निधीत हप्ता भरणारे इतर सारे मोजतात, आणि त्यात शेजारचा शिक्षकही असतो.

बाहेर काय घडले?

इतर देशांनी या कोड्याची निरनिराळी उत्तरे शोधली. ब्रिटनमध्ये पुष्कळ पॉलिसींत काचेसाठी वेगळी वजावट असते आणि केवळ काचेच्या दाव्याने बोनसला सहसा धक्का लागत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने तर सर्वंकष विमा घेतलेल्याला पुढच्या काचेसाठी वजावटही माफ केली. हेतू स्पष्ट होता: पैशाच्या विवंचनेपायी कोणी आंधळ्या काचेतून मोटार हाकू नये. परंतु त्या सवलतीवर काच बसविणाऱ्या काही दुकानदारांनी ताव मारला. ग्राहकाच्या दाव्याचे हक्क आपल्या नावावर लिहून घ्यायचे, बिले फुगवायची आणि विमा कंपन्यांवर खटल्यांचा वर्षाव करायचा, असा धंदाच उभा राहिला. अखेर २०२३ मध्ये फ्लोरिडाने काचेच्या दाव्यांचे हक्क असे लिहून घेण्यास बंदी घातली. मालकाची सवलत कायम राहिली. दलालांची वाट बंद झाली.

भारताला या दोन्ही अनुभवांतून शिकता येईल. केवळ पुढच्या काचेचा, आणि वर्षातून एकदाच केलेला, दावा बोनसच्या शिडीवर मोजू नये. त्याऐवजी काचेच्या किमतीच्या ठराविक टक्क्यांची वजावट ठेवावी, म्हणजे तीन लाखांच्या काचेच्या मालकावर तीन लाखांच्या प्रमाणात आणि सहा हजारांच्या काचेच्या मालकावर सहा हजारांच्या प्रमाणात भार पडेल. खोक बुजविण्याचा किरकोळ खर्च कंपनीने विनावजावट सोसावा. कारण आज बुजविलेली खोक उद्याची अख्खी काच वाचविते. कोणत्या प्रतीची काच बसविली याची नोंद बिलावर सक्तीची करावी. काही कंपन्या अशा प्रकारचे संरक्षण जादा हप्ता घेऊन देतात. ज्याला त्याची सर्वाधिक गरज, तोच मालक नेमका तो जादा हप्ता टाळतो. म्हणून ही तरतूद मूळ पॉलिसीतच असली पाहिजे.

तोवर विमेदाराच्या हाती एकच उपाय आहे. हप्ता भरल्याच्या पावतीबरोबर येणारी ती बारीक अक्षरांची पाने एका रविवारी सवडीने वाचावीत. घसाऱ्याचा तक्ता, वजावट, बोनसची टक्केवारी, मुदत संपण्याची तारीख आणि जादा संरक्षणाची यादी, एवढ्या पाच गोष्टी जरी वहीत उतरवून ठेवल्या, तरी काच तडकेल त्या दिवशी दुरुस्तीवाल्याच्या किंवा दलालाच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही. प्रतापनगरातल्या शिक्षकाला हा हिशेब करायला दहा मिनिटे पुरतील. आणि हिशेबाचे उत्तर दावा न करण्याच्या बाजूने आले, तरी काच बदलणे मात्र पुढच्या पगारावर ढकलू नये.